शेतातले खिळे आणि इतिहासाचे वाचन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या शेतवाडीवर धातुशोधक यंत्र फिरवले, तर जमिनीतून सर्वाधिक काय निघते? नाणी नव्हेत, खिळे. गंजून एकमेकांना चिकटलेले, वाकडे झालेले, डोकी तुटलेले शेकडो खिळे. हौशी संशोधक बहुधा ते बाजूला टाकतो. खरे तर घर केव्हा उभे राहिले, कोणी बांधले आणि त्यात कोण राहत होते, या प्रश्नांची उत्तरे नाण्यापेक्षा खिळाच अधिक विश्वासाने देतो. जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाने १९७७ साली लिहिलेल्या ‘इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन’ या पुस्तकाचे शीर्षक मृत माणसाच्या मालमत्तेच्या एका जुन्या यादीतून घेतले आहे. यादी करणाऱ्याने ज्या बारीकसारीक वस्तूंची वेगळी नोंद केली नाही, त्यांतूनच सामान्य माणसाचा इतिहास लिहिता येतो, असा त्या पुस्तकाचा आग्रह आहे.

खिळा ओळखण्याची रीत सोपी आहे. लोहाराने ऐरणीवर घडवलेला खिळा चौकोनी असतो, चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोडीच्या घावांचे पैलू दिसतात. १७९० नंतरच्या दशकांत लोखंडी पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे आले. हे दोनच बाजूंनी निमुळते होतात, उरलेल्या दोन बाजू समांतर राहतात. १८९० च्या सुमारास तारेपासून केलेला, आज आपल्या परिचयाचा असलेला गोल खिळा प्रचारात आला आणि त्याने पूर्वीच्या दोघांनाही मागे सारले. खिळ्याचा आडवा छेद पाहिला की इमारतीचा काळ ढोबळमानाने सांगता येतो. मात्र जुने खिळे पुन्हा वापरले जात, हे विसरून चालत नाही. व्हर्जिनियात तर खिळ्यांसाठी लोक सोडून जाताना घरे जाळीत. ते थांबवण्यासाठी तेथील विधिमंडळाला १६४५ साली कायदा करावा लागला.

इतर वस्तूंचे वाचनही असेच सावधपणे करावे लागते. स्वल्पविरामाच्या आकाराचा, भोके पाडलेला लोखंडाचा चपटा तुकडा तिकडच्या नवख्या शोधकाला कोड्यात टाकतो. मराठी वाचक मात्र तो चटकन ओळखेल, कारण ती बैलाची पत्री आहे. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने घोड्यासारखी एकसंध नाल त्याला चालत नाही. प्रत्येक नखीला वेगळी पत्री लागते. त्या शेतावर नांगर कोण ओढत होते, याचा हा पुरावा. व्हर्जिनियाच्या मातीत स्पॅनिश चांदीचे नाणे मिळाले म्हणून तेथे स्पॅनिश माणूस राहत होता असे होत नाही. १८५७ पर्यंत अमेरिकेत ही नाणी कायदेशीर चलन होती. शिवाय नाण्यावरचे साल एवढेच सांगते की ते जमिनीत त्या सालाच्या आधी पडलेले नाही; नंतर किती वर्षांनी पडले, याविषयी ते मौन बाळगते.

आता पुन्हा खिळ्याकडे येऊ. तो केव्हाचा हे कळले. पण तो कोणी घडवला? थॉमस जेफरसनने १७९४ साली व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना सुरू केला. तेथे काम करणारी मुले दहा ते सोळा वर्षांची होती आणि ती त्याच्या मालकीची गुलाम होती. कोणत्या मुलाला किती लोखंडी सळई दिली, तिचे किती खिळे झाले आणि किती लोखंड वाया गेले, याचा हिशेब जेफरसन स्वतः ठेवीत असे. १८०३ साली केरी नावाच्या मुलाने ब्राउन कोलबर्ट या सोबत्याच्या डोक्यात हातोडी घातली, तेव्हा इतरांना दहशत बसावी अशा रीतीने केरीला दूरदेशी विकून टाकण्याचा आदेश जेफरसनने दिला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे ज्याने जाहीरनाम्यात लिहिले त्याच हाताने हे हिशेब आणि हा आदेशही लिहिला. जाहीरनामा सर्वांनी वाचला. खिळा वाचण्याची गरज फार उशिरा वाटू लागली.

या संदर्भात धातुशोधक यंत्रातील एक सोय विचार करायला लावते. लोखंडाचा संकेत आला तर यंत्राने गप्प राहावे, अशी योजना त्यात करता येते. हेतू साधा आहे: खिळ्यांच्या गलक्यात चांदीचा आवाज हरवू नये. या सोयीला इंग्रजीत ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. शब्द तांत्रिक अर्थाने योजलेला आहे. तरी गुलामांच्या वस्तीवर ती सोय चालू ठेवली, तर यंत्र नेमके त्या वस्तीलाच वगळते. कारण तेथे चांदी क्वचितच असते, खिळे असतात.

याच्या उलट प्रयोग जेम्स मॅडिसनच्या मॉन्टपेलियर मळ्यावर झाला. तेथील पुरातत्त्वज्ञांनी २०१२ पासून हौशी शोधकांना प्रशिक्षण देऊन सोबत घेतले. जमीन चौकटींत आखून लोखंडाचे संकेतही टिपले आणि खिळे कोठे दाट, कोठे विरळ सापडतात याचे नकाशे केले. फळ्यांच्या घराला खिळे पुष्कळ लागतात, ओंडके रचून केलेल्या खोपटाला थोडे. म्हणून ही दाटी-विरळी केवळ घराची जागा दाखवीत नाही, तर कोणाच्या वाट्याला कसले घर आले तेही सांगते. तोच खिळा उपटून खिशात घातला असता, तर उरले असते ते गंजलेले लोखंड.

गुलामवस्त्यांच्या उत्खननांत भोक पाडलेली चांदीची नाणीही सापडली आहेत. नाणेसंग्राहकाच्या लेखी भोकाने नाण्याचे मोल घटते. पण १९३६ ते १९३८ या काळात पूर्वीच्या गुलामांच्या ज्या मुलाखती नोंदवल्या गेल्या, त्यांत अनिष्टापासून रक्षण व्हावे म्हणून गळ्यात वा घोट्यावर असे नाणे बांधण्याचा उल्लेख येतो. ज्याला संग्राहक खोट म्हणतो, तीच त्या वस्तूवरची मालकाची एकमेव सही आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. शब्दाचा अर्थ कोशात शोधून थांबता येत नाही. तो ओळीत कोठे बसला आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे पाहावे लागते. वस्तूचे नाव सांगणे ही ओळखीची पहिली पायरी झाली. तिची जागा, तिच्या शेजारच्या वस्तू आणि तिच्यावरचे हातांचे माग यांची नोंद झाल्याखेरीज ती कोणाची होती, हे कळत नाही. आणि ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांच्या बाबतीत अशी नोंद अनेकदा एकमेव दस्तऐवज ठरते.