वीस ज्यूलची बंदूक

मार्च 2021 मध्ये अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग येथे ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झाले. लोकांनी घरातल्या छऱ्याच्या बंदुका स्वेच्छेने शासनाच्या स्वाधीन कराव्यात, असे आवाहन त्यात होते. जानेवारी 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला, तोवर जमा झालेल्या बंदुकांची संख्या 1,600 च्या वर गेली होती. राज्यातील पक्ष्यांची संख्या घटत असल्याची चिंता या मोहिमेमागे होती.

जत्रेत फुगे फोडायला वापरतात त्या जातीची ही बंदूक. अशा वस्तूविरुद्ध एका राज्याला मोहीम काढावी लागते, याचे अनेकांना नवल वाटले असेल. ते का करावे लागले, हे समजून घ्यायचे तर या यंत्राचा इतिहास आणि त्यामागचे साधे भौतिकशास्त्र पाहावे लागते.

हवेच्या दाबाने गोळी फेकण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनी याने तयार केलेली हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती आणि एका भरण्यात अनेक गोळ्या झाडता येत. पण ती टाकी भरायला हातपंपाचे सुमारे 1,500 दाब द्यावे लागत. एवढा खटाटोप सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता.

हा खटाटोप स्प्रिंगने संपवला. स्प्रिंगच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही होत्या. पण अचूक आणि टिकाऊ रायफल म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे. तेथील बंदूककार लिंकन जेफरीज याने 1904 मध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे ‘बीएसए’ कंपनीने तिचे उत्पादन सुरू केले. नळी जागच्या जागी स्थिर, तिच्याखाली एक तरफ. तरफ एकदा खाली ओढली की बंदूक सज्ज. दारू नको, टाकी नको, पंप नको. आज बाजारात येणाऱ्या स्प्रिंगच्या नव्या रायफली सुबक असतात, पण त्यांच्या पोटातली यंत्रणा तत्त्वतः हीच आहे.

तरफ ओढताना आपण एक जाड स्प्रिंग दाबतो. तिच्या टोकाला दट्ट्या असतो. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या वेगाने पुढे धावतो आणि समोरची हवा एका सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात आकसते. एवढ्या थोड्या वेळात उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून हवेचे तापमान काही शे अंशांनी चढते. सायकलचा पंप भराभर मारताना तो तळाशी गरम होतो, तोच हा परिणाम, कितीतरी तीव्र. दट्ट्या जवळजवळ शेवटाला पोहोचेपर्यंत छर्रा जागचा हलत नाही. मग साचलेला दाब त्याला नळीतून बाहेर लोटतो. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे सरकते आणि हवेच्या गादीवर तो थबकला की पुढे ओढली जाते. म्हणूनच या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो.

येथे इतिहासाने एक सुंदर प्रयोग नोंदवला आहे. नळकांड्यातील वंगणाचा सूक्ष्म अंश तापलेल्या हवेत जळतो आणि छऱ्याला जास्तीची ऊर्जा देतो, असा तर्क होता. ब्रिटनमधील कार्ड्यू या लेखकद्वयाने बंदूक नायट्रोजन वायूत झाडून पाहिली. ज्वलनाला लागणारा प्राणवायूच नसल्यामुळे छऱ्याचा वेग स्पष्टपणे घटला. म्हणजे ‘बिनदारूची’ म्हणवली जाणारी ही बंदूक अल्प प्रमाणात का होईना, इंधन जाळते.

आता ऊर्जेचा हिशेब करू. भारतातील 2016 च्या शस्त्र नियमांनी 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकांना परवान्यातून सूट दिली आहे. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने निघाला, तर त्याची गतिज ऊर्जा 10 ज्यूल भरते. याउलट 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी 140 किलोमीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा सुमारे 120 ज्यूल असते, म्हणजे छऱ्याच्या बारा पट. केवळ ज्यूल मोजले, तर वेगवान गोलंदाज अधिक धोकादायक ठरेल!

पण जखम एकूण ऊर्जेवर ठरत नाही. ती किती क्षेत्रावर एकवटते यावरही ठरते. चेंडूचा छेद सुमारे 40 चौरस सेंटिमीटर, तर छऱ्याचा जेमतेम 0.16. दर चौरस सेंटिमीटरला चेंडूची ऊर्जा 3 ज्यूल येते, छऱ्याची 60 च्या पुढे. आणखी एक प्रमाण पाहा. घरचिमणीचे वजन सुमारे 25 ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा तिच्या वजनाचा पन्नासावा भाग आहे. त्याच प्रमाणात 60 किलोच्या माणसासाठी तो सव्वा किलोचा गोळा होईल.

20 ज्यूलची रेषा शस्त्रविषयक नियमांतली आहे आणि त्या नियमांचा मुख्य विषय माणसाची सुरक्षितता हा आहे. त्या मोजमापात ही बंदूक सौम्य ठरते. पाखराच्या मापाने ती पुरेपूर शस्त्र आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून अस्तित्वात आहे आणि त्याच्या अनुसूचींतील पक्षी मारणे हा गुन्हा आहे, मग साधन कोणतेही असो. मात्र परवान्याची गरज नाही, छर्रे स्वस्त, आवाज कमी आणि चालवायला सोपी, अशा या साधनावर दाट डोंगररानात पाळत कोण ठेवणार? दोन कायद्यांच्या मधली ही जागा अरुणाचलच्या मोहिमेने लोकांच्या संमतीने भरू पाहिली.

या कथेला आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. सालिम अली यांनी शाळकरी वयात मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांना कुतूहल वाटले. ते तिला घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले आणि तेथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह पाहून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्यांच्या 1985 च्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो हातात घ्यायचा आणि हातात घ्यायचा म्हणजे मारायचा, हीच विज्ञानाची रूढ पद्धत होती.

शतकभरात ही पद्धत किती बदलली, याचे उदाहरण अरुणाचलातच सापडते. पश्चिम कामेंगमधील ईगलनेस्ट अभयारण्यात रमण अत्रेय यांना 1995 मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला. ते व्यवसायाने रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. पुढे 2006 मध्ये त्यांनी ती नवी प्रजाती म्हणून नोंदवली आणि तेथील बुगुन समाजाच्या नावावरून तिला बुगुन लायोसिकला हे नाव दिले. नव्या प्रजातीसाठी पक्षी मारून नमुना ठेवण्याची प्रथा त्यांनी पाळली नाही. पक्षी इतके थोडे दिसले होते, की एकही मारणे त्यांना योग्य वाटले नाही. जाळ्यात धरून सोडलेल्या पक्ष्यांची पिसे, छायाचित्रे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण यांवर वर्णन उभे राहिले. पुढे सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी आपल्या सामूहिक जंगलाचा 17 चौरस किलोमीटरचा भाग राखीव केला.

विज्ञानाने बंदूक खाली ठेवली ती चांगली दुर्बीण, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक हाती आल्यावर. डोंगरातल्या गावकऱ्याला असा पर्याय कोणी आयता दिलेला नाही. शिकार तेथे आहाराचा आणि परंपरेचा भाग राहिली आहे. म्हणून त्याने आपणहून बंदूक देणे, हा त्याग शहरातल्या वाचकाने हलका लेखू नये.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जमा झालेल्या बंदुकांचा आकडा हे मोहिमेच्या यशाचे अर्धेच मोजमाप आहे. पक्षी खरोखर परतले का, हे कळण्यासाठी त्याच रानवाटांवर, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे गणना करावी लागेल. आणि जिथे बंदुका जमा झाल्या नाहीत अशा शेजारच्या रानांशी ती ताडून पाहावी लागेल. या कामाला वही, दुर्बीण आणि चिकाटी पुरते. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या जुन्या शिकाऱ्यांहून चांगले गणक त्यासाठी मिळणे कठीण.