बाजारपेठेची शोभा आणि इंदूरची दिवाळी



गावाची बाजारपेठ सुंदर असावी, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. मतभेद होतो तो पुढे. ती सुंदर कोणी करावयाची, कोणासाठी करावयाची आणि त्या सौंदर्याची किंमत कोणी द्यावयाची, हे तीन प्रश्न विचारले की सभेत शांतता पसरते. ‘सुशोभीकरण’ हा शब्द नगरपालिकेच्या ठरावात आला की हातगाडीवाल्याच्या पोटात गोळा उठतो. शोभेचा आणि भीतीचा असा संबंध का जडावा? याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि त्यातून सुटण्याची एक वाटही इतिहासातच सापडते. आज मी त्या वाटेविषयी बोलणार आहे.

प्रथम भीतीचा इतिहास पाहू. 1853 साली पॅरिस शहराची सूत्रे बॅरन ओस्मान यांच्या हाती आली आणि पुढील सतरा वर्षांत त्यांनी त्या शहराचे रूप पालटून टाकले. अरुंद गल्ल्या गेल्या, सरळ रुंद रस्ते आले, दुतर्फा झाडे आली. जग थक्क झाले. परंतु त्या गल्ल्यांत राहणारा मजूर शहराच्या कडेला फेकला गेला, ही गोष्ट त्या शोभेच्या वर्णनात सहसा येत नाही. आपल्याकडे 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रस्ते काढले, हवा खेळती केली, हे खरे. पण पाडलेल्या घरांतील माणसे गेली ती शेजारच्या चाळीत. तेथील गर्दी आणखी वाढली. रोग एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत राहावयास गेला, इतकेच. ‘सुधारणा’ म्हणजे पाडापाड, असे समीकरण आपल्या लोकांच्या मनात तेव्हापासून बसले, आणि ते अनुभवाने बसले.

आता दुसरी वाट. स्कॉटलंडमध्ये 1854 साली जन्मलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1886 साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे दांपत्य एडिंबरो शहराच्या जुन्या, कळकट झालेल्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात बिऱ्हाड करून राहिले. आजूबाजूला गरिबांची दाट वस्ती होती. त्यांनी उपदेश केला नाही. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन अंगणे झाडली, भिंतींना चुना दिला, रंग दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढे चित्रकारांना बोलावून त्या परिसरातील घरांत भित्तिचित्रे काढविली. नगररचना ही नकाशावर सुरू होत नाही, ती केरसुणीपासून सुरू होते, हा धडा त्यांनी तेथे गिरविला. जुने शहर पाडून टाकण्याऐवजी जेथे अगदी सडले आहे तेवढेच काढावे, बाकीचे राखावे, असा त्यांचा सिद्धांत होता. कुशल वैद्य एका फोडासाठी हात तोडीत नाही, तसाच हा प्रकार.

हे गेडिस 1914 साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन ज्या बोटीत होते, ती बोट जर्मनांच्या ‘एमडेन’ या युद्धनौकेने बुडविली. त्यांनी प्रदर्शन पुन्हा जमविले आणि गावोगाव पायी हिंडून अहवाल लिहिले. 1917 च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा फ्रान्समधील रणांगणावर पडला आणि जूनमध्ये पत्नी हिंदुस्थानातच वारली. अशा दुःखात बुडालेला हा त्रेसष्ट वर्षांचा मनुष्य त्याच सुमारास इंदूर संस्थानाच्या कामाला लागला.

इंदूर आपल्याला परके नाही. होळकर घराणे नीरेकाठच्या होळ गावचे. अहिल्याबाईंचे माहेर चौंडी. ते आपल्या बीड जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्याच अहिल्याबाईंनी केला. 1917 साली तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. शहरात कापसाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या आणि प्लेग व हिवताप ठाण मांडून बसले होते.

पुढील हकिकत गेडिस यांनी स्वतः सांगितली व 1927 साली त्यांच्या एका शिष्येने ती ग्रंथात छापली. सांगणारा मिरवणूक काढणाराच आहे, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा हा म्हातारा साहेब पाहून लोक धास्तावले. हा आपली घरे पाडावयास आला आहे, असे त्यांना वाटले. मुंबईचा अनुभव सर्वांच्या कानावर होताच. तेव्हा गेडिस यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: मला एक दिवसापुरता महाराज करा. ती मान्य झाली, आणि त्यांनी जाहीर केले की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे सर्वांत चांगली झाडून, डागडुजी करून, रंगवून ठेवतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरातील केरकचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्था होईल.

झाले! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. सहा हजार गाड्या कचरा शहराबाहेर गेला. घुशी-उंदीर हजारोंनी पकडले गेले. हुकमाने आणि दंडाने जे होईना, ते ‘मिरवणूक आमच्या दारावरून गेली पाहिजे’ एवढ्या ईर्षेने झाले. पाडापाडीला भिणारे लोक आपण होऊन भिंती सारवू लागले.

मिरवणूकही पाहण्यासारखी होती. पुढे हत्ती, उंट, घोडेस्वार. मागून सुगीचे आणि कारागिरीचे देखावे. मग वाद्यांचे सूर बेसूर झाले आणि पडकी घरे, रोगांचे राक्षस, घाणीचा प्रचंड रावण व प्लेगचा अवाढव्य उंदीर पुढे सरकू लागला. उंदराच्या अंगावर पिसवा होत्या, हिवतापाचे डासही दाखविलेले होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. डासांच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सापडले ते सिकंदराबादेस, म्हणजे आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता त्याच संस्थानात. प्रयोगशाळेतले ते ज्ञान वीस वर्षांनी इंदूरच्या कारागिरांनी कागद, बांबू आणि रंग यांच्या साहाय्याने रस्त्यावर आणले. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही ते समजले. कलेचे काम याहून मोठे काय असते?

राक्षसांच्या मागे थोडी जागा मोकळी सोडली होती. आणि त्यामागून शहरातील झाडूवाले आले. स्वच्छ पांढरे कपडे, नवे झाडू, रंगविलेल्या कचऱ्याच्या गाड्या, गळ्यात माळा घातलेले बैल, आणि प्रत्येकाजवळ फूल. त्यांच्या मागे रथात बसलेली एक नवी देवता होती. तिचे नाव इंदूर नगरी, आणि तिच्या ध्वजावर भावी शहराचा नकाशा होता. शेवटी रावण आणि उंदीर जाळले गेले आणि घरोघर लावण्यासाठी मातीच्या लहान कुंड्यांतून तुळशीची रोपे वाटली गेली. मंडळी, हे 1917 साल आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी अजून दहा वर्षे लागावयाची होती. ज्याची सावली टाळली जाई, तो त्या दिवशी रोगावर विजय मिळविणारा वीर म्हणून भर पेठेतून चालला.

गेडिस यांनी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली दिला आणि 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. तिकडे आपल्याच मातीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज हाच मार्ग खराट्याने दाखवीत होते. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे. झाडणे आणि कीर्तन, श्रम आणि कला, ही जोडी त्यांनी 1956 साली देह ठेवीपर्यंत कधी फोडली नाही.

परंतु कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथे एक शंका विचारावीच लागते. दिवाळीचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. मग झाडूवाल्याला काय उरले? एका दिवसाच्या सन्मानाने पगार वाढत नाही, हातमोजे मिळत नाहीत, कंत्राटदार बदलत नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा नवा कायदा आपल्याला 2013 साली करावा लागला, यावरून त्या हाराची मर्यादा कळते. म्हणून इंदूरचा धडा अर्धाच घेऊन चालणार नाही. मिरवणुकीत पुढे आणि निर्णयात मागे, असा सन्मान हा देखावाच ठरतो.

निर्णयात स्थान मिळविण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. फेरीवाल्यांसाठी 2014 साली संसदेने केलेल्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. हमाल-मापाड्यांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. पेठेच्या शोभेचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो, त्या टेबलाशी ही माणसे बसली, तर ‘सुशोभीकरण’ या शब्दाची भीती जाईल.

आता आपल्या बीडकडे पाहा. सोळाव्या शतकात निजामशाहीचा सरदार सलाबतखान याच्या काळात बांधलेली खजाना बावडी आपल्याजवळ आहे. भुयारी पाटाने रानाला पाणी देणारे ते बांधकाम सौंदर्य आणि उपयोग एकत्र नांदू शकतात याची साक्ष आहे. पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर आहे, राजुरी वेस आहे, कोतवाली वेस आहे, आणि 1989 साली पूर आणून आपल्या दुर्लक्षाचा जाब विचारणारी बिंदुसरा आहे. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. कागदाच्या जागी चाळीस हात कापड घेऊन तत्त्वज्ञान लिहिणारा कवी ज्या जिल्ह्यात झाला, त्या जिल्ह्याला नगरीचा नकाशा कापडावर काढणे जड जाऊ नये.

मात्र आपली मिरवणूक दिवाळीत निघून चालणार नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार कोयता आणि पोरेबाळे घेऊन पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. पेठ दिव्यांनी उजळते तेव्हा तिचे निम्मे गिऱ्हाईक आणि निम्मे कष्टकरी फडात असतात. त्यांना वगळून केलेली शोभा ही बीडची शोभा नव्हे. आपला दिवस पोळ्याचा. त्या दिवशी सारे घरी असतात. बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड लावावी, अंगावर झूल घालावी, त्याला वेशीतून वाजतगाजत न्यावे, हे कोणी शिकवावे लागत नाही. श्रमाला सजविण्याची कला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येते. ती आपण बैलापाशी थांबविली आहे.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. पोळ्याच्या आधी एक महिना प्रत्येक गल्लीने आपली भिंत, आपली गटार आणि आपला चौक हाती घ्यावा. शाळांतील चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांनी मुलांसह भिंती रंगवाव्यात. मार्ग कोणता, हे सफाई कामगारांनी ठरवावे, कारण कोणती गल्ली खरोखर स्वच्छ आहे हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. मिरवणुकीत ते पुढे असावेत. आणि त्याच दिवशी, त्याच वेशीत, त्यांच्या पगाराचा व साधनांचा हिशेब नगरपालिकेने सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. एवढे झाले तर पेठ सुंदर दिसेल आणि त्या सौंदर्याकडे पाहताना कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.