नाटो : एका वचनाचा इतिहास

आज नाटोविषयी बोलायचं आहे. नाटो म्हणजे उत्तर अटलांटिक करार संघटना. हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर रणगाडे आणि क्षेपणास्त्रं येतात. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला त्यात आधी एक वचन दिसतं. वचन कुणाला दिलं, कुठपर्यंत दिलं आणि ते पाळलं जाईल यावर विश्वास का ठेवायचा, हे तीन प्रश्न घेऊन आपण पुढे जाऊ.

१९४५ साली महायुद्ध संपलं तेव्हा पश्चिम युरोप थकलेला होता आणि पूर्व युरोपात सोव्हिएत फौजा ठाण मांडून होत्या. फेब्रुवारी १९४८मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली. मार्चमध्ये ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्सला आपसांत संरक्षण करार केला. जूनमध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. अमेरिकेवाचून निभाव लागणार नाही, हे या देशांना कळत होतं. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी करारावर सह्या केल्या.

कराराचा गाभा पाचव्या कलमात आहे. एकावर हल्ला झाला तर तो सर्वांवर झाला असं मानायचं. पण पुढचं वाक्य नीट वाचा बरं का. प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करील, आणि तीत सैन्यबळाचा वापरही आला. म्हणजे सैन्य पाठवलंच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. आपोआप युद्धात ओढणारा करार सिनेटने मान्य केला नसता. त्यामुळे शब्दांत मोकळीक ठेवली गेली आणि ती उणीव युरोपात अमेरिकी सैन्य ठेवून भरून काढली. तरी शंका उरलीच. पॅरिससाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल का, हा द गॉल यांचा प्रश्न होता. १९६६मध्ये त्यांनी फ्रान्सला नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढलं. करारात मात्र फ्रान्स राहिला.

आता वचनाची हद्द. इथे आपला गोवा येतो. पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य. लोकशाहीचं नाव घेणाऱ्या करारावर सालाझारच्या हुकूमशाहीचीही सही आहे, हे विसरू नका. गोवा हा आपला प्रांतच आहे, असा पोर्तुगालचा दावा होता. मग डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा नाटो का आली नाही? उत्तर सहाव्या कलमात आहे. संरक्षण मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक भाग एवढ्यापुरतंच होतं. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स भारताविरुद्ध बोलले. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव अडला. पण पोर्तुगालच्या मदतीला जहाज कुणी धाडलं नाही.

समोरच्या बाजूला १९५५मध्ये वॉर्सा करार झाला. त्याच्या फौजा १९६८मध्ये चालून गेल्या त्या स्वतःच्याच सदस्यावर, चेकोस्लोव्हाकियावर. १९९१मध्ये तो करार विसर्जित झाला. नाटो टिकली आणि वाढली. १९९९मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीविना युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. तिथे कोणाही सदस्यावर हल्ला झालेला नव्हता. त्यामुळे ‘बचावात्मक’ या शब्दावर पडलेला डाग प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर. ज्या अमेरिकेने इतरांना वाचवायचं, तिच्यासाठीच!

शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. २००८मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील. कधी, ते सांगितलं नाही. हे अर्धं वचन. अशा वचनाने शत्रूला निमित्त मिळतं आणि मित्राला संरक्षण मिळत नाही. त्याच वर्षी जॉर्जियात युद्ध झालं. २०२२मध्ये रशिया युक्रेनवर पूर्ण ताकदीने चालून गेला. ते पाहून फिनलंड २०२३मध्ये आणि स्वीडन २०२४मध्ये नाटोत आले. सदस्यसंख्या ३२ झाली.

म्हणून कुठल्याही लष्करी कराराकडे पाहताना सैन्य मोजा, जरूर मोजा. पण आधी विचारा, हे वचन पुरं आहे की अर्धं? अर्ध्या वचनाची किंमत बहुधा ते देणारा मोजत नाही; ज्याने त्यावर भरवसा ठेवला, तो मोजतो.