अस्थिविकृती : सुधारणेचे उपचार

जन्मतः, वाढीच्या वयात किंवा दुखापतीनंतर हाडाची लांबी, दिशा अथवा पीळ बिघडून अवयव वाकडा वा आखूड होतो, त्या अवस्थेस अस्थिविकृती म्हणतात. उपचाराची निवड विकृतीच्या कारणाइतकीच रुग्णाच्या वयावर अवलंबून असते. कारण वाढते हाड वळवता येते, वाढ पूर्ण झालेले हाड मात्र बहुधा कापूनच सरळ करावे लागते.

वक्रपाद, म्हणजे पाऊल आत व खाली वळलेले असणे, ही विकृती हजार जन्मांमागे साधारण एका बालकात आढळते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील इग्नासिओ पोन्सेटी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत घोट्यातील हाडाच्या डोक्यावर अंगठा टेकवून, टाच न दाबता, पावलाचा पुढचा भाग हळूहळू बाहेर वळवतात आणि गुडघा वाकवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आठवड्याला बदलत जाणारी अशी पाच-सहा प्लास्टरे झाल्यावर बहुतेक बालकांत टाचेमागील ताठ स्नायुबंध छोट्या छेदाने मोकळा करतात, व तो तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरात पुन्हा जुळून येतो. त्यानंतर आडव्या पट्टीला जोडलेले बूट तीन महिने दिवसातले 23 तास, आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात; ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळते.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात हा काटेकोर क्रम पाळणे सोपे नाही. दसऱ्यानंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जातात आणि प्लास्टराचे आठवडे नेमके त्याच हंगामात येऊ शकतात. म्हणून साखर कारखान्याच्या परिसरातील रुग्णालयात उपचार पुढे चालू ठेवण्याची सोय ही उपचाराचाच भाग मानली पाहिजे. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत वक्रपाद व मुडदूस यांचा समावेश असून, पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात.

मुडदुसात, म्हणजे ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम यांच्या अभावाने हाडे मऊ पडण्याच्या रोगात, पाय फेंगडे होतात. लहान वयात औषधाने रोग आवरला तर वाढीबरोबर ते पुष्कळदा आपोआप सरळ होतात. बाक उरल्यास वृद्धिपट्टाच्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळील वाढणाऱ्या थराच्या, एका बाजूस स्क्रूने पट्टी बसवून तेवढ्या बाजूची वाढ रोखतात, आणि पाय सरळ झाल्यावर ती काढून घेतात. दोन वर्षांखालील मुलांचे किंचित धनुष्याकृती पाय मात्र बहुधा नैसर्गिक असतात.

प्रौढांतील विकृतींचे एक मोठे कारण म्हणजे चुकीच्या स्थितीत जुळलेले हाड. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर गावासह तत्कालीन उस्मानाबाद व लातूर जिल्ह्यांतील दगडमातीची माळवदाची घरे कोसळली. अशा आपत्तीत ढिगाऱ्याखाली मोडलेली हाडे वेळेवर नीट बसवली न गेल्यास पुढे विकृती उद्भवते. तिच्यावर अस्थिच्छेदन करतात, म्हणजे हाड ठरावीक कोनात कापून पट्टी वा सळईने सरळ स्थितीत स्थिरावतात.

हाड आखूडही असेल, तर सोव्हिएत संघातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1951 पासून विकसित केलेली, हाडातून घातलेल्या तारांनी पायाभोवती बसवलेल्या कड्यांची पद्धत वापरतात. कापलेल्या हाडाची टोके दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, दूर नेली असता मधल्या फटीत नवे हाड तयार होते. ते भक्कम होईपर्यंत कडी कित्येक महिने पायावर राहतात. या काळात तारांभोवतालच्या त्वचेची रोज स्वच्छता करावी लागते आणि सांधा आखडू नये म्हणून व्यायाम चालू ठेवावा लागतो.