एकसष्टाचें कोडें आणि भास्कराचार्य

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिमेस लागून असलेल्या जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवाजवळ, पाटणें नांवाचें गांव आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला व निकुंभ राजांनीं त्यास दान दिलें, अशी तेराव्या शतकाच्या प्रारंभींची हकीकत तेथील शिलालेखांत कोरलेली आहे. मठ उभारून जपावें असें त्या ग्रंथांत काय होतें, हें एका संख्येवरून कळून येतें. ती संख्या १७६६३१९०४९. म्हणजे एकशें शहात्तर कोटि, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार एकोणपन्नास.

प्रश्न दिसावयास लहान आहे. कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच येईल? ६१ ऐवजीं ६० घेतल्यास शाळेंतील मुलगाहि उत्तर देईल: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवून ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतल्यास ८ या संख्येनें काम भागतें. परंतु मधल्या ६१ ला २२६१५३९८० हून लहान संख्या चालतच नाहीं. आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ तीच वर सांगितलेली प्रचंड संख्या होय. सेकंदास एक संख्या याप्रमाणें अहोरात्र चांचपडत गेल्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल.

भास्कराचार्यांनीं चांचपडण्याचा मार्ग धरलाच नाहीं. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें दोन उत्तरांच्या संयोगांतून तिसरें काढण्याची ‘भावना’ सांगितली होती. इ. स. १०७३ पूर्वींच्या जयदेव नामक गणित्यास ‘चक्रवाल’ ही कृति ठाऊक होती. चक्रवाल म्हणजे चाकाप्रमाणें फिरून, दर फेऱ्यास नवे आंकडे घेऊन, त्याच पायरीवर येणारी रीत. इ. स. ११५० च्या ‘बीजगणितां’त भास्कराचार्यांनीं ६१ चें उदाहरण याच रीतीनें सोडविलें. ८ चा वर्ग ६४. तो ६१ हून ३ नें अधिक. चक्राच्या एकाच फेऱ्यांत ३९ व ५ हे आंकडे हातीं येतात: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, अंतर केवळ ४. तेथून भावनेच्या योगें २९७१८ व ३८०५ मिळतात, अंतर १ उरतें. आणि त्यांचीच त्यांच्याशीं भावना केली कीं इष्ट उत्तर सिद्ध होतें.

पुढें पांच शतकांनीं, इ. स. १६५७ मध्यें, फ्रान्सांतील फर्मा यानें समकालीन गणितज्ञांस आव्हान दिलें. त्याच्या उदाहरणांतहि ६१ हाच आंकडा होता! इंग्लंडांत ब्राउंकर यानें रीत शोधिली. पण ऑयलरच्या गैरसमजामुळें समीकरणास नांव चिकटलें तें पेल याचें. कोलब्रुक यानें ‘बीजगणिता’चें इंग्रजी भाषांतर १८१७ मध्यें प्रसिद्ध केलें, परंतु तोंवर तें नांव रूढ झालें होतें. अशी रीत प्रत्येक वेळीं शेवटास जातेच, याची सिद्धता मात्र भास्कराचार्यांनीं दिली नाहीं. असें उत्तर नेहमीं असतेंच हें सिद्ध करण्याचें श्रेय अठराव्या शतकांतील लाग्रांज याचें, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे.

हा ग्रंथ टिकला तो पठणपाठणानें. विदर्भांतील पयोष्णीतीरावरील दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यांतील कृष्णदैवज्ञानें इ. स. १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर टीका लिहून त्यांतील रीतींची उपपत्ति उलगडून दाखविली. पाटण्याचा मठ आज नाहीं. परंतु चांगदेवानें ज्यासाठीं तो स्थापिला, तें काम अशा टीकाकारांनीं पुढें चालविलें.