मिस फरार यांची शाळा आणि जोतीरावांची नजर

1827 साली सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई जहाजाने मुंबईला आली. वय 32, अविवाहित. चर्चच्या मिशनने पाठवलेली ही बाई इथे मुलींना शिकवत राहिली आणि 1862 मध्ये अहमदनगरलाच वारली.

तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण आमच्या आयाबहिणींना अक्षर नाकारणाऱ्या इथल्या धर्ममार्तंडांचा हेतू काय होता?

जोतीरावांनी अहमदनगरची ती मुलींची शाळा पाहिली. 1848 मध्ये सावित्रीबाईंना सोबत घेऊन त्यांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली. त्यांनी शाळेची कल्पना घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे सार्वजनिक सत्यधर्म मांडला. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये मिशनच्या ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात या मांग मुलीने धर्मालाच जाब विचारला.

म्हणून मित्रांनो, कोणी फुल्यांना मिशनऱ्यांचे हस्तक म्हटले, तर चिडू नका. एवढेच विचारा: परक्या बाईने शाळेचे दार उघडले तेव्हा तुमचे पूर्वज कोणते दार लावून बसले होते?

जय जोती! जय भीम!