कॅमेरा, सुटसुटीत अंकीय
खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा, भिंग कायमचे जोडलेले असलेला आणि फिल्मऐवजी प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनीय संवेदकावर प्रतिमा नोंदविणारा कॅमेरा. सु. १९९५ ते २०१२ हा त्याच्या प्रसाराचा प्रमुख काळ होय. या काळात कॅमेऱ्याचा दर्जा मेगापिक्सेलच्या (दहा लाख चित्रघटकांच्या) संख्येने सांगण्याची प्रथा पडली. वस्तुतः प्रतिमेचा दर्जा मुख्यत्वे संवेदकाचे आकारमान, भिंग आणि उपलब्ध प्रकाश यांवर अवलंबून असतो. तर कॅमेऱ्याची उपयुक्तता तो किती सहज व किती त्वरेने वापरता येतो यावर ठरते. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील काही प्रसंगांवरून हा भेद चांगला स्पष्ट होतो.

इतिहास : विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विद्युत् भार-युग्मित प्रयुक्ती (सीसीडी) शोधून काढली. या शोधाबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये या प्रयुक्तीच्या साहाय्याने पहिला सुवाह्य अंकीय कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सु. ३·६ किग्रॅ. होते. १०,००० चित्रघटकांची कृष्णधवल प्रतिमा कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. कॅसिओ कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणलेल्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या पाठीवर १·८ इंची रंगीत पडदा होता. टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहण्याची सोय हेच पुढे या कॅमेऱ्यांच्या लोकप्रियतेचे प्रमुख कारण ठरले.

फिल्मच्या काळात कोरीटसारख्या खेड्यातील माणसाला ३६ चित्रांचा रोळ संपेपर्यंत थांबावे लागे. नंतर तो धुण्यासाठी शहरात पाठवावा लागे आणि चित्र बिघडले असल्यास ते तेव्हाच कळे. अंकीय कॅमेऱ्याने ही प्रतीक्षा संपविली आणि प्रत्येक चित्रामागील फिल्मचा खर्चही नाहीसा केला. लग्न, बारसे व जत्रा यांची चित्रे व्यावसायिक छायाचित्रकाराविना घरच्याच माणसांना काढता येऊ लागली.

प्रतिमेचा दर्जा : ३५ मिमी. फिल्मच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी. असते. सुटसुटीत कॅमेऱ्यात सामान्यपणे वापरला जाणारा संवेदक मात्र सु. ५·८ × ४·३ मिमी. एवढाच, म्हणजे फिल्मच्या पस्तिसाव्या हिश्शाइतका असे. एवढ्या जागेत चित्रघटकांची संख्या वाढविल्यास प्रत्येक घटकाच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो व अपुऱ्या उजेडात प्रतिमेवर रंगीत ठिपके उमटतात. १० × १५ सेंमी. आकाराच्या छापील प्रतीला सु. २२ लाख चित्रघटक पुरेसे असतात. त्यामुळे १० किंवा १४ मेगापिक्सेलची चढाओढ बहुतेक घरांच्या दृष्टीने निरर्थक होती. कॅनन कंपनीने २००८ च्या जी-१० या कॅमेऱ्यात १४·७ मेगापिक्सेल दिले होते. २००९ च्या जी-११ मध्ये ती संख्या १० पर्यंत खाली आणली. सोनी कंपनीच्या २०१२ मधील आरएक्स-१०० मध्ये सु. ११६ चौ. मिमी. क्षेत्रफळाचा संवेदक आल्यावर लहान कॅमेऱ्याचा दर्जा लक्षणीय सुधारला.

सातपुड्यातील काठी (ता. अक्कलकुवा) येथील राजवाडी होळी रात्रभराच्या नृत्यानंतर पहाटे पेटविली जाते. मोरपिसांचे टोप घातलेले व अंगावर पांढरी नक्षी रेखाटलेले नर्तक ज्वाळांच्या उजेडात टिपणे ही लहान संवेदकाची कठोर कसोटी असते. क्षणदीप्ती (फ्लॅश) वापरावी, तर तिचा प्रकाश थोड्याच मीटरांपर्यंत पोहोचतो आणि अग्नीचा तांबूस उजेड लोपतो. न वापरावी, तर हालचाल धूसर होते.

दैनंदिन वापर : तापीकाठी सारंगखेडा (ता. शहादा) येथे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तेथे उजेड मुबलक असतो. पण प्रारंभीच्या कॅमेऱ्यांत कळ दाबणे व चित्र नोंदले जाणे यांत पुष्कळदा अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ जाई आणि तेवढ्यात धावता घोडा चौकटीबाहेर पडे. भर उन्हात पाठीवरील पडदा नीट दिसत नसे. पुढे बऱ्याच प्रतिमानांतून पाहण्याची खिडकी काढून टाकल्याने ही अडचण वाढली. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे सेल दुकानात सहज मिळत, परंतु लवकर संपत. विशिष्ट लिथियम घटमाला अधिक टिके; मात्र ती भारित करण्यासाठी वीज लागे, आणि भारनियमनाच्या वर्षांत तिचा भरवसा नसे.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली (ता. शहादा) येथे देण्यात आला. या नोंदणीत बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमांबरोबर चेहऱ्याचे अंकीय छायाचित्रही घेतले जाते. त्यासाठी संगणकाला जोडलेला कॅमेरा वापरतात. तरी सुटसुटीत कॅमेऱ्याला लागू असलेला नियम तेथेही लागू पडतो. स्वयंचलित प्रकाशमापन चौकटीतील सरासरी उजेडाला मध्यम करड्या छटेवर आणते. त्यामुळे पांढऱ्या भिंतीसमोर किंवा उघड्या दारासमोर बसलेल्या सावळ्या व्यक्तीचा चेहरा अधिकच काळवंडतो. ओळख पटण्यासाठी चित्रघटकांच्या संख्येपेक्षा चेहऱ्यावरील सम प्रकाश अधिक महत्त्वाचा असतो.

ऱ्हास : २०१० मध्येच जपानी उत्पादकांनी सु. १२ कोटी अंकीय कॅमेरे बाजारात पाठविले. त्यांत बहुसंख्य सुटसुटीत होते. २०२० मध्ये सर्व प्रकारांची मिळून संख्या ९० लाखांहून कमी झाली. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याचा संवेदकही लहानच होता. परंतु तो सदैव जवळ असे व चित्र लगेच पाठविता येई. या सोयीपुढे दूरदृश्य भिंगाचा लाभ बहुतेकांना गौण वाटला. सुटसुटीत कॅमेऱ्यांवर टिपलेली असंख्य कौटुंबिक चित्रे कधी छापलीच गेली नाहीत. स्मृतिपत्रे व जुने संगणक निकामी झाल्यास ती कायमची नष्ट होतात. म्हणून त्या काळातील ग्रामीण जीवनाचे साधन म्हणून या चित्रांच्या प्रती वेळीच काढून ठेवणे व त्यांवर स्थळ, काळ व व्यक्ती यांची नोंद करणे आवश्यक आहे.